पटावरचे नियम आणि पटाबाहेरचा न्याय

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ, बाहेर गुडघाभर बर्फ आणि एका शाळेच्या कॅफेटेरियात आम्ही पन्नास-साठ आईबाप थर्मासमधला चहा पीत बसलेलो. आत जिममध्ये मुलांची बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. आपल्यापैकी ज्यांची मुले अशा स्पर्धांना जातात, त्यांना हे चित्र पाठ असेल. कुणी लॅपटॉप उघडून ऑफिसचे काम उरकत असते, कुणी डब्यातल्या पोळ्यांचे रोल वाटत असते, आणि दार उघडले की सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळतात. मूल बाहेर येताना चेहऱ्यावरूनच निकाल कळतो.

तिसऱ्या फेरीनंतर आमच्या एका मित्राची दहा वर्षांची मुलगी रडत बाहेर आली. आम्हाला वाटले, हरली. ती तर जिंकली होती! समोरचा मुलगा तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. डावभर तो टेबलाखालून पाय मारत होता आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात काहीबाही पुटपुटत होता. डाव संपल्यावर त्याच्या वडिलांनी कॉरिडॉरमध्ये तिला अडवून विचारले, की तुला खेळ्या कोण सांगत होते? मित्र तडक आयोजकांकडे गेला. आयोजक भला माणूस, पण पुढच्या फेरीच्या जोड्या लावण्याच्या गडबडीत होता. तो म्हणाला, “जिंकली ना ती? मग आता कशाला वाढवायचे?”

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. मी बुद्धिबळातला जाणकार नव्हे. दादरच्या चाळीतल्या गॅलरीत, मे महिन्याच्या सुट्टीत, एक उंट हरवला म्हणून त्या जागी बाटलीचे बूच ठेवून खेळणाऱ्यांपैकी मी एक. पण घरी आल्यावर वाटले, की आपल्या मुलांना आपण ज्या खेळाच्या हवाली करतो, त्या खेळाच्या कारभाऱ्यांनी असे प्रश्न आजवर कसे हाताळले, ते तरी पाहावे. वाचत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. या खेळाने सोंगट्यांचे रक्षण फार लवकर शिकून घेतले. माणसांचे रक्षण मात्र तो अजून शिकतोच आहे.

घड्याळ कसे आले?

१८५१ साली लंडनमध्ये पहिली मोठी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली. त्या वेळी खेळीला वेळेचे बंधन नव्हते. एलायजा विल्यम्स नावाचे एक खेळाडू एकेका खेळीला इतका वेळ घेत, की समोरचा माणूस कंटाळून चुका करू लागे. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात त्यांच्याकडून हरलेले हॉवर्ड स्टाँटन यांनी यावर बरीच आगपाखड केली. आता प्रश्न असा, की विल्यम्स खरोखर विचार करत होते, की प्रतिस्पर्ध्याला छळत होते? कोणता पंच हे सिद्ध करू शकणार?

बुद्धिबळाच्या जगाने हा वाद सोडवलाच नाही, तो निकालातच काढला. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली, आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ आले. दोघांनाही मोजून वेळ. मग मनात काय आहे ते तुमचे तुम्ही जाणा. कुणावर आरोप नको, कुणाची चौकशी नको. पहिला धडा इथेच मिळतो. जिथे नियमाने काम भागते, तिथे माणसाच्या हेतूंचा पंचनामा करत बसू नये.

२० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाची, म्हणजे ‘फिडे’ची स्थापना झाली. तिचे लॅटिन ब्रीदवाक्य आहे ‘जेन्स ऊना सुमुस’, म्हणजे आपण सारे एकच कुळ. ऐकायला गोड आहे. पण एका कुळात भांडणे किती आणि कशी होतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९६२ साली कुरासाव बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपापसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. एकोणीस वर्षांच्या बॉबी फिशरने अमेरिकेतल्या मासिकात लेख लिहून उघड आरोप केला, की हे संगनमत आहे. फिडेने कुणाला शिक्षा केली नाही, पण पद्धत बदलली. १९६५ पासून आव्हानवीर ठरवण्यासाठी सर्वांनी सर्वांशी खेळण्याऐवजी दोघादोघांचे बाद फेरीचे सामने सुरू झाले. समोरासमोरच्या सामन्यात तिघांचे संगनमत चालणार कसे? पुन्हा तेच, नियम बदलला आणि प्रश्न मिटला.

दही, आरसे आणि स्वच्छतागृह

पण सगळेच प्रश्न नियम बदलून सुटत नाहीत. १९७८ साली फिलिपाईन्समधल्या बागियो शहरात कार्पोव्ह आणि कोर्चनोय यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. कोर्चनोय सोव्हिएत संघातून निघून गेलेले, त्यामुळे वातावरण आधीच तापलेले. डाव चालू असताना कार्पोव्हला दह्याचा पेला आणून दिला गेला. कोर्चनोय यांच्या गोटाने हरकत घेतली, की दह्याचा रंग हा सांकेतिक निरोप असू शकतो! मग दही ठरल्या वेळी आणि ठरल्या प्रकारचेच द्यायचे असे ठरले. सोव्हिएत गोटातले एक मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांत बसून कोर्चनोयकडे एकटक पाहत, म्हणून कोर्चनोय आरशासारखा चष्मा लावून आले. पुढे त्यांच्या बाजूने आनंदमार्ग पंथाचे दोन साधक येऊन बसले, आणि त्यावरून निराळाच वाद पेटला. शेवटी कार्पोव्ह ६-५ असे जिंकले. आज हे वाचताना हसू येते. पण दोन माणसे तीन महिने एकमेकांना मानसिक त्रास देत होती आणि संघटना दह्याच्या वेळा ठरवत होती, हेही खरे.

२००६ साली हसू कमी झाले. रशियातल्या काल्मिकिया प्रांताची राजधानी एलिस्ता. क्रामनिक आणि तोपालोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना. चार डावांनंतर क्रामनिक ३-१ असे पुढे. तेव्हा तोपालोव्ह यांच्या व्यवस्थापकांनी तक्रार केली, की क्रामनिक वारंवार स्वच्छतागृहात जातात आणि तिथे कॅमेरा नाही. अपील समितीने खेळाडूंची स्वतंत्र स्वच्छतागृहे बंद केली. क्रामनिक यांनी पाचवा डाव खेळायला नकार दिला आणि तो डाव त्यांच्या विरुद्ध गेला. सामना थांबला, समितीतले सदस्य बदलावे लागले, मग खेळ पुन्हा सुरू झाला. अखेर ६-६ अशी बरोबरी झाल्यावर जलद डावांत क्रामनिक जिंकले.

या प्रकरणातली खरी मेख वेगळीच आहे. किरसान इल्युमझिनोव्ह तेव्हा फिडेचे अध्यक्ष होते आणि त्याच वेळी काल्मिकियाचेही अध्यक्ष होते. म्हणजे यजमान तेच, संघटनेचे प्रमुख तेच. तक्रार ऐकणारी समिती त्यांच्याच संघटनेची. आपल्या गावातला पाटील, सरपंच आणि न्यायाधीश एकच असेल तर फिर्यादी आणि आरोपी दोघांचाही विश्वास उडतो. इथेही नेमके तेच झाले. तक्रार खरी की खोटी हा प्रश्न नंतरचा. ती ऐकणारा कुणाचा मिंधा नाही ना, हा पहिला प्रश्न.

कडकपणा जमतो, पण कुठे?

बुद्धिबळाच्या संघटना कडक वागू शकत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. २००६ च्या डिसेंबरात दिल्लीतल्या एका स्पर्धेत एक खेळाडू टोपीत ब्लूटूथ यंत्र शिवून खेळताना सापडला. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. २०१० च्या ऑलिंपियाडमध्ये फ्रेंच संघातल्या एका खेळाडूला खेळ्या पुरवल्याचे प्रकरण निघाले. बाहेरचा एक साथीदार संगणकावर खेळी शोधून मोबाईलवर कळवी, आणि संघाचा कर्णधार कोणत्या टेबलामागे उभा राहतो त्यावरून ती खेळाडूला कळे, असा आरोप होता. विशेष म्हणजे हे प्रकरण फ्रेंच संघटनेनेच स्वतःहून बाहेर काढले, आणि फिडेने २०१२ मध्ये तिघांवर बंदी घातली. २०१५ साली दुबईत एक ग्रँडमास्टर स्वच्छतागृहात लपवलेल्या फोनवर डाव पाहताना पकडला गेला. त्याला तीन वर्षे बंदी झाली आणि ग्रँडमास्टर किताबही गेला.

शिष्टाचारावरही नियम आले. २००८ साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथे बल्गेरियाच्या चेपारिनोव्हने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हस्तांदोलन करायला दोनदा नकार दिला. नव्या नियमानुसार पंचांनी डाव शॉर्टना बहाल केला. अपिलात तो निर्णय फिरला, दुसऱ्या दिवशी डाव नव्याने झाला आणि शॉर्ट पटावरही जिंकले.

म्हणजे चोरून पाहिलेली खेळी, न मिळवलेला हात, लांबवलेला वेळ, या सर्वांवर या खेळाकडे उपाय आहे. कारण या गोष्टींनी निकाल बिघडतो. पण ज्या वागणुकीने निकाल बिघडत नाही, माणूस बिघडतो, तिथे काय? ‘जिंकली ना ती?’ हा प्रश्न इथेच येतो.

एक तेरा वर्षांची मुलगी

इथे आपल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा आणि थोडी खंतही वाटावी अशी एक कथा आहे. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती जिंकली. पुढे कितीतरी वर्षे ते विजेतेपद या तीन बहिणींमध्येच फिरत राहिले. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका ज्यांना सोंगट्यांची नावेही ठाऊक नव्हती, त्याही ‘खाडिलकर भगिनी’ म्हणत कौतुकाने वर्तमानपत्र उलगडत.

१९७६ साली रोहिणी अवघ्या तेरा वर्षांची होती. ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली, आणि तसे करणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. त्यावर मोठा गदारोळ झाला. मुलीने पुरुषांत का खेळावे? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. तेव्हा फिडेचे अध्यक्ष होते डॉ. मॅक्स यूवे, हॉलंडचे माजी जगज्जेते आणि पेशाने गणिताचे शिक्षक. त्यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली.

डॉ. यूवे यांचा निर्णय स्पष्ट होता, निःसंदिग्ध होता आणि सर्व देशांना लागू होता. संघटनेने कसे वागावे याचा हा नमुनाच. पण विचार करा, तो मिळवण्यासाठी एका तेरा वर्षांच्या मुलीच्या कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागली. तिच्या घरी संपादक वडील होते, लिहिता-बोलता येणारी माणसे होती. ज्या मुलीच्या घरी हे बळ नव्हते, ती काय करणार होती? बहुधा तिने खेळ सोडला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

संघटना म्हटली की ती प्रत्येक वेळी शहाणीच वागेल असेही नाही. दहाच वर्षांनी, १९८६ मध्ये, फिडेने ठरवले की सर्व सक्रिय महिला खेळाडूंना १०० रेटिंग गुण वाढवून द्यायचे, फक्त हंगेरीच्या सुसान पोल्गारला सोडून! कारण काय, तर तिने आपले गुण पुरुषांशी खेळून मिळवले होते. ती महिलांमध्ये अव्वल होती, जानेवारी १९८७ च्या यादीत एका फटकाऱ्याने खाली गेली. तिने कोणताही नियम मोडला नव्हता. इथे अन्याय करणारा समोरचा खेळाडू नव्हता, स्वतः संघटनाच होती.

जे बोलले जात नव्हते

२०२३ साली मात्र बांध फुटला. फेब्रुवारीत अमेरिकेच्या दोन वेळच्या महिला विजेत्या जेनिफर शहादे यांनी जाहीरपणे लिहिले, की एका नामांकित ग्रँडमास्टरने आपल्यावर लैंगिक जबरदस्ती केली होती. मार्चमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने आणखी काही स्त्रियांचे तसेच अनुभव छापले. संबंधित गृहस्थांनी पदांचा राजीनामा दिला. पण लोकांना जास्त खुपले ते दुसरेच. संघटनांपर्यंत तक्रारी आधीच पोचल्या होत्या आणि तरीही तो माणूस तरुण खेळाडूंचा प्रशिक्षक म्हणून वावरत राहिला, असे त्या वृत्तातून पुढे आले. ऑगस्टमध्ये लीचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळाने अमेरिकेची राष्ट्रीय संघटना आणि सेंट लुईसचा प्रसिद्ध क्लब, या दोघांशीही सहकार्य थांबवल्याचे जाहीर केले.

त्याच महिन्यात फ्रान्समधल्या महिला खेळाडूंनी खुले पत्र काढून सांगितले, की खेळाडू, प्रशिक्षक, पंच, पदाधिकारी यांच्याकडून आम्ही हे सोसत आलो आहोत. त्यावर शंभराहून अधिक जणींनी सह्या केल्या. त्याच वर्षी आणखी एक किळसवाणा प्रकार उजेडात आला. अनेक महिला खेळाडूंना वर्षानुवर्षे निनावी अश्लील पत्रे येत होती, त्यांतल्या काही तर पत्र आले तेव्हा अल्पवयीन होत्या. फिडेच्या नीतिमत्ता व शिस्त समितीने त्या प्रकरणी एका खेळाडूवर बंदी घातली. वर्षानुवर्षे प्रत्येकीला वाटत होते, की हे फक्त आपल्यालाच आले आहे. तक्रार नोंदवायला एक जागा असती, तर दुसऱ्या-तिसऱ्या पत्रानंतरच लक्षात आले असते की हे एकाच हाताचे काम आहे.

आणि मग जानेवारी २०२४. वाइक आन झी इथे नागपूरची दिव्या देशमुख खेळत होती, वय अठरा. स्पर्धा संपल्यावर तिने समाजमाध्यमावर मोकळेपणाने लिहिले, की प्रेक्षकांचे लक्ष माझ्या डावांकडे नाही, माझे कपडे, केस, बोलण्याची ढब यांच्याकडे असते. पुरुष खेळाडूंचे मात्र डाव पाहिले जातात. काहींनी तिला पाठिंबा दिला, काहींनी नाके मुरडली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात दिव्याने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. आपल्या सगळ्यांचे फोन त्या रात्री मराठी संदेशांनी भरून गेले होते.

ती जिंकली. पण म्हणून तिने जे लिहिले ते खोटे ठरले का? की मिटले? रोहिणी खाडिलकर १९७६ ला आणि दिव्या देशमुख २०२४ ला, दोघींनाही पटावरच्या प्रतिस्पर्ध्याखेरीज आणखी एका प्रतिस्पर्ध्याशी खेळावे लागले. त्या दोघी जिंकल्या म्हणून आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत. ज्या थकून घरी गेल्या, त्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत.

दुसरी बाजू

इथे थांबलो तर लेख एकांगी होईल. खोटा किंवा पुराव्याशिवायचा आरोप हाही छळच असतो. २०२२ च्या सप्टेंबरात मॅग्नस कार्लसन सेंट लुईसच्या स्पर्धेत तरुण हान्स नीमनकडून हरले आणि स्पर्धा सोडून निघून गेले. मग जगभर संशयाचे मोहोळ उठले. नीमनने १० कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो पुढे तडजोडीने मिटला. फिडेच्या समितीचा निर्णय यायला डिसेंबर २०२३ उजाडला. स्पर्धा विनाकारण सोडल्याबद्दल कार्लसनना दहा हजार युरो दंड झाला, बाकीच्या आरोपांतून ते सुटले. निर्णय समतोल होता, पण मध्ये सव्वा वर्ष गेले, आणि तेवढ्या काळात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची जगभर टिंगल झाली.

आणि नियतीचा खेळ पाहा. एलिस्तामध्ये ज्यांच्यावर संशय घेतला गेला, तेच क्रामनिक पुढे ऑनलाइन खेळणाऱ्या अनेकांवर उघड संशय घेऊ लागले. त्यांत अमेरिकेचा लाडका ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्या मृत्यूचे कारण ठरवणे हे आपले काम नाही, आणि कुणी ते घाईने ठरवूही नये. पण या आरोपांचा आपल्याला फार मनस्ताप होतो, हे त्याने स्वतः सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिडेने क्रामनिक यांच्याविरुद्ध आपल्याच समितीकडे रीतसर तक्रार दाखल केली. दोन वर्षे हे सारे उघड्यावर चालू होते. तक्रार आली ती माणूस गेल्यावर.

तर मग काय करावे?

एवढे वाचल्यावर मला जे उमगले, ते साध्या शब्दांत मांडतो.

पहिले, नियम आधी लिहिलेला असावा. फिडेची नवी नीतिसंहिता २०२२ मध्ये लागू झाली आणि तिच्यात छळवणूक हा स्पष्टपणे अपराध मानला आहे. अमेरिकेच्या संघटनेचेही ‘सेफ प्ले’ नावाचे धोरण आहे. पण कागदावरचा नियम शाळेच्या जिमपर्यंत पोचला पाहिजे.

दुसरे, तक्रार ऐकणारा माणूस स्पर्धेचा यजमान, प्रायोजक किंवा आरोपीचा मित्र नसावा. एलिस्ताने हे शिकवले.

तिसरे, मुदत हवी. बुद्धिबळपटूच्या प्रत्येक खेळीला घड्याळ आहे, मग चौकशी समितीला का नको?

चौथे, दोष ठरण्याआधीही संरक्षण देता येते. प्रशिक्षकाविरुद्ध गंभीर तक्रार असेल, तर चौकशी पुरी होईपर्यंत त्याला मुलांपासून दूर ठेवणे ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचा त्याचा हक्क त्याने हिरावला जात नाही.

पाचवे, तक्रार योग्य दारी न्यावी, चव्हाट्यावर नव्हे. पण हे म्हणण्याचा अधिकार संघटनेला तेव्हाच, जेव्हा ते दार खरोखर उघडे असेल. शहादे यांना जाहीर लिहावे लागले, ते दार उघडत नव्हते म्हणून. आणि दार उघडे असूनही जो पुराव्याविना चव्हाट्यावर बोलत राहतो, त्याला संघटनेने वेळीच अडवले पाहिजे.

या पाचांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. त्रास झालेल्या माणसाला एकटे सोडायचे नाही. त्याने जिंकले की हरले, तो प्रसिद्ध आहे की नवखा, त्याच्या मागे कोणी आहे की नाही, यावर न्याय अवलंबून राहता कामा नये.

आता पुन्हा त्या कॅफेटेरियाकडे. मित्राने हट्ट सोडला नाही. त्याने घरी येऊन मुलीकडून सगळे शांतपणे ऐकून घेतले, तारीख-वेळेसह लिहून काढले आणि आयोजकांना पाठवले. आवाज चढवला नाही, कुणाला नावे ठेवली नाहीत. आठ दिवसांनी आयोजकांचे उत्तर आले, दिलगिरीचे. पुढच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांच्या मध्ये मुलांच्या टेबलांमधून फिरणारा एक जास्तीचा पंच दिसला. एवढेच. पण ती मुलगी त्या स्पर्धेला आली होती, हे महत्त्वाचे.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातही मुलांची बुद्धिबळ स्पर्धा असते. यंदा तिच्या नोंदणीच्या फॉर्मवर आम्ही तळाशी एक ओळ वाढवली आहे. काही खुपले, कुणी त्रास दिला, तर कुणाशी बोलायचे, त्या दोघांची नावे आणि फोन नंबर. त्या दोघांपैकी एकही संयोजक समितीत नाही. एका काकांनी विचारले, “अहो, आपलीच तर मुले आहेत, याची गरज आहे का?” मी म्हटले, “काका, आपलीच आहेत, म्हणूनच.”